घर वाचतां आलें पाहिजे

ज्या घरांतील मुलगा किंवा मुलगी वास्तुकलेच्या महाविद्यालयांत जाऊं लागते, त्या घरास वर्षभरांत एक निराळाच अनुभव येतो. दिवाळीच्या सुटींत हें अपत्य घरीं येतें तें हातांत मोजपट्टी घेऊनच. पान वाढलेलें असतें, पण त्याचें लक्ष वरच्या तुळईकडे लागलेलें असतें. जिना चढतांना तें पायरीची उंची पाहतें, भिंतीवर बोटांनीं टकटक करतें आणि देवळांत गेलें तर देवास नमस्कार करण्यापूर्वीं मंडपाच्या छताकडे मान वर करून उभें राहतें. आजीला वाटतें, पोर शिकावयास गेलें आणि वेंधळें होऊन परत आलें! वडिलांना वाटतें, पांच वर्षांचा हा खर्च आपण करतों तो काय भिंती बडविण्यासाठीं? आमचें मत मात्र निराळें आहे. पोर वेंधळें झालेलें नाहीं. त्या घरांत प्रथमच कोणीतरी घराकडे पाहूं लागलें आहे, इतकेंच.

घर ही अशी वस्तु आहे कीं, ती सदैव डोळ्यांसमोर असल्यामुळेंच दृष्टीस पडत नाहीं. नाकावर चष्मा असला म्हणजे त्याच्या कांचा ज्याप्रमाणें दिसत नाहींत, त्याप्रमाणें घरांत बसून आपण सारें जग पाहतों, पण घर पाहत नाहीं. एखाद्या चांगल्या सुशिक्षित गृहस्थास विचारावें कीं, आपल्या घराचा भार कोणत्या भिंतींवर किंवा खांबांवर आहे? गच्चीवर पडलेलें पावसाचें पाणी कोणत्या वाटेनें जातें? स्वयंपाकघरांत ऊन किती वाजतां येतें, आणि येत नसेल तर कां येत नाहीं? बहुतेक ठिकाणीं उत्तर मिळत नाहीं. आणि तरीही हाच गृहस्थ जन्माची पुंजी घालून घर विकत घेतो, कोणती भिंत काढावी हें गवंड्यास सांगतो, आणि वाडवडिलांचें घर राखावें कीं पाडावें या प्रश्नावर हात वर करून मत देतो. म्हणून वास्तुकलेच्या अभ्यासानें दृष्टींत काय पालट होतो, हा प्रश्न केवळ विद्यार्थ्यांचा नसून आपणां सर्व घरवाल्यांचा आहे. येथें आम्ही बोलतों तें दार कोणत्या दिशेस असतां धनलाभ होतो यासंबंधीं नव्हे, हें आरंभींच सांगून ठेवितों.

आपल्याकडे ही विद्या आजकालची नाहीं. मुंबईची सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळा १८५७ सालीं निघाली. पुढें तिच्यांतच वास्तुकलेचें शिक्षण सुरू होऊन त्याचें स्वतंत्र महाविद्यालय झालें. १९७२ च्या कायद्यानें या व्यवसायास नोंदणीचें बंधन घातलें. परंतु पहिल्या वर्षीं विद्यार्थ्यास कोणी इमारत बांधावयास शिकवीत नाहीं. त्याला मोजावयास शिकवितात. एखादें जुनें देऊळ, एखादा वाडा किंवा एखादा साधा पार त्याला नेमून दिला जातो आणि त्यानें त्याचा इंच न् इंच मोजून कागदावर उतरवावयाचा असतो. छायाचित्र घेऊन भागत नाहीं. कारण छायाचित्र यंत्र काढतें आणि चित्र हात काढतो. हातास एखादी रेघ ओढावयाची झाली म्हणजे डोळ्यास विचारावेंच लागतें कीं, ही रेघ येथें कां थांबली?

त्यांतही ज्या चित्रानें दृष्टि उघडते तें म्हणजे ‘छेद’. फणस चिरल्यावांचून गरे दिसत नाहींत, तसें घर मनानें चिरल्यावांचून घराचें पोट दिसत नाहीं. आडवें चिरलें म्हणजे खोल्यांचा नकाशा मिळतो. उभें चिरलें म्हणजे पाया, जोतें, मजले आणि छप्पर हीं एकमेकांस कसें धरून आहेत तें कळतें. ही संवय एकदां जडली कीं, रस्त्यानें जातांनाही इमारती आंतून दिसूं लागतात. दर्शनी रंगाच्या आड काय आहे, हें मन आपोआप विचारूं लागतें. रोमन वास्तुज्ञ विट्रुव्हियस यानें दोन हजार वर्षांपूर्वीं इमारतीस मजबुती, सोय आणि सौंदर्य हे तीन गुण हवेत असें म्हटलें होतें. आपण सामान्य माणसें तिसऱ्या गुणापासून आरंभ करतों आणि बहुधा तेथेंच थांबतों. अभ्यासूचे प्रश्न मात्र अगदीं घरगुती असतात: भार कोणी घेतला? पाणी कोठें गेलें? उजेड आणि वारा कोठून आले? आणि शेवटीं, हें सारें कोणाच्या वांट्यास आलें?

प्रथम भाराचा प्रश्न घेऊं. दगड वाटेल तितका दाब सोसतो, पण वांकविण्याचा प्रयत्न केला तर लवकर मोडतो. एवढें एक सूत्र कळलें कीं, सिन्नरच्या गोंदेश्वरासारख्या हेमाडपंती देवळांत खांबांची दाटी कां, याचा उलगडा होतो. दगडी तुळई फार लांब ठेवतां येत नाहीं, म्हणून खांब जवळजवळ आले. आणि त्यांवरचें छत झांकण्यासाठीं एकेक थर आंत सरकवीत नेला. ज्यास आपण नक्षी समजत होतों, तिच्याखालीं दगडाशीं केलेला हा करार असतो. लोणावळ्याजवळच्या भाजे लेण्यांत याहून मौजेची गोष्ट पहावयास मिळते. इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांतील त्या चैत्यगृहाचे खांब सरळ उभे नसून आंतल्या बाजूस किंचित् कललेले आहेत. डोंगर पोखरून केलेल्या लेण्यांत खांबांवर छपराचा भार कसला? तो डोंगरच पेलतो. मग ते कलले कां? तर त्यापूर्वीं असे मंडप लाकडाचे बांधीत, आणि गोल छपराचा बाहेर रेटणारा जोर थोपविण्यासाठीं खांब आंत कलते ठेवीत. सुताराची ती संवय पाथरवटानें दगडांत जशीच्या तशी उतरविली. शेजारीं कार्ल्यास तर दगडी छताखालीं खऱ्याखुऱ्या लाकडी कमानी अद्याप आहेत. वर्षासहलीस जाणाऱ्या हजारों लोकांच्या नजरेसमोरून हे कललेले खांब जातात. ज्याला प्रश्न विचारण्याची संवय आहे, त्यालाच ते दिसतात.

हीच दृष्टि घेऊन पुण्याच्या वाड्यांत शिरावें. तळखड्यावर उभा केलेला खांब, त्यावर तुळई, तुळयांवर कड्या आणि पाट. दोन खांबांमधील अंतर तो एक ‘खण’. आपले पूर्वज घर किती मोठें हें खणांवरून सांगत, आणि सागाची तुळई जितकी लांब तितकीच खोली रुंद होई. बहुतेक ठिकाणीं भार या लाकडी सांगाड्यावर असे. मातीच्या जाड भिंतीचें काम ऊन आणि थंडी अडविण्याचें. त्या मातीस एकच शत्रु, तो म्हणजे पायथ्याशीं सांचलेलें पाणी. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत आणि खडकवासला हीं धरणें फुटून पुण्यांत पूर आला, तेव्हां नदीकांठच्या पेठांतील कित्येक जुनीं घरें कोसळलीं तीं याच कारणानें. आजच्या घरांत सांगाडा सिमेंट-लोखंडाचा असतो, पण तत्त्व तेंच आहे. दिवाणखाना मोठा दिसावा म्हणून कोणी तुळई तासतो, तर कोणी नळ नेण्यासाठीं खांबास भोंक पाडतो. आपल्या खालीं आणि वर राहणाऱ्या कुटुंबांचा जीव त्या खांबांत आहे, हें त्याच्या गांवींही नसतें. भार कोठून कोठें जातो एवढें ज्याला वाचतां येतें, तो हातोडा उचलण्यापूर्वीं निदान विचारावयास तरी जातो.

आतां पाण्याचा प्रश्न. कोंकणांतून घाट चढून देशावर यावें आणि तसेंच पुढें सोलापुराकडे जावें. या एका प्रवासांत छपरांकडे लक्ष ठेवलें तर भूगोलाचें पुस्तक उघडावें लागत नाहीं. दक्षिण कोंकणांत वर्षाकाठीं ३००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस. तेथें जांभ्या दगडाच्या भिंतींवर उंच आढें, तीव्र उताराचीं कौलारू पाखीं आणि भिंतीपासून हातभर बाहेर आलेली वळचण. पुण्याकडे उतार सौम्य होतो. सोलापुराच्या बाजूस पाऊस कोंकणच्या चौथ्या हिश्श्यावर येतो आणि छपरें सपाट होतात. तेथें मातीचीं धाबीं दिसूं लागतात. छपराचा उतार म्हणजे त्या गांवाचें पर्जन्यमापकच! वळचणीचें पाणी आढ्यास जात नाहीं, ही म्हण ज्यांनीं केली त्यांना घर कसें वागतें हें ठाऊक होतें.

मुंबईंत दादरची हिंदु कॉलनी, शिवाजी पार्क किंवा मरीन ड्राइव्ह येथें १९३० नंतरच्या काळांत उभ्या राहिलेल्या इमारती पहा. त्यांच्या खिडक्यांवरून सिमेंटचे लांब छज्जे भुंवईसारखे फिरलेले आहेत. आपण त्यांस त्या काळची फॅशन म्हणतों, आणि ती होतीही. परंतु त्या भुंवईखालीं पावसांतही खिडकी उघडी ठेवतां येते, हा तिचा खरा उपयोग. यांपैकीं मरीन ड्राइव्ह परिसरांतील अशा इमारतींना आणि त्यांच्या शेजारच्या व्हिक्टोरियन इमारतींना २०१८ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला. उलट अनेक नव्या इमारतींचा दर्शनी भाग आरशासारखा सपाट आणि कांचेचा असतो. तिला ना छज्जा, ना वळचण. मग पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांतच भिंतीवर ओल उतरते आणि सोसायटीच्या सभेंत गळतीवरून भांडण पेटतें. भांडणारीं माणसें एकमेकांस दोष देतात. भुंवई नसलेल्या भिंतीकडे कोणी बोट दाखवीत नाहीं.

उजेड आणि वारा यांचा विचार मुंबईस फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला. १८९६ सालीं तेथें प्लेग आला आणि दाट वस्तीच्या अंधाऱ्या चाळींत त्यानें हाहाकार केला. त्यानंतर १८९८ मध्यें शहरसुधारणेसाठीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्या काळीं मुंबईंत साडेत्रेसष्ट अंशांचा एक नियम पुढें आला. त्याचा घरगुती अर्थ असा कीं, आपल्या खिडकीच्या पातळीवर समोरची इमारत जितकी उंच असेल, त्याच्या निदान निम्मी तरी मोकळी जागा दोहोंच्या मध्यें असावी. म्हणजे आकाशाचा उजेड तिरपा कां होईना, आंत पोंचतो. वाचकांनीं आपल्या खिडकींत उभें राहून हें गणित करून पहावें. समोरची भिंत साठ फूट वर गेली असेल, तर मध्यें तीस फूट आहेत काय? मुंबईंतील कांहीं पुनर्वसन-वसाहतींत इमारती एकमेकींस इतक्या खेटून उभ्या केल्या आहेत कीं, खालच्या मजल्यांवर दुपारींही दिवा लावावा लागतो. आणि अशा घरांचा क्षयरोगाशीं संबंध असल्याचें २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत दिसून आलें. नियम विसरला गेला तरी रोग विसरत नाहीं.

उन्हाचेंही असेंच आहे. पुण्यास मे महिन्याच्या मध्यास सूर्य माध्यान्हीं बरोबर डोक्यावर येतो. डिसेंबरांत तो दक्षिणेकडे कलून क्षितिजापासून सुमारें ४८ अंशांवरच राहतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीवर बेताचा छज्जा असला तर उन्हाळ्याचें ऊन बाहेर राहतें आणि हिवाळ्याचें आंत येतें, तेंही फुकट. पश्चिमेचें ऊन मात्र संध्याकाळीं आडवें येतें. तें छज्ज्यास जुमानत नाहीं, त्यास झाड किंवा झडप हवी. हें न जाणतां पश्चिमेस मोठी कांच बसवावयाची आणि मग वातानुकूलनाचें यंत्र लावून विजेचें बिल भरीत बसावयाचें, याला काय म्हणावें?

येथवर आम्ही जें लिहिलें तें कोणासही सहज पटेल. शेवटचा प्रश्न जरा अवघड आहे, आणि आमच्या मतें या विद्येचा खरा कस तेथेंच लागतो. भार, पाणी आणि प्रकाश यांची व्यवस्था घरानें केली; पण ती कोणासाठीं?

आपल्या जुन्या वाड्यांविषयीं आपल्या मनांत मोठा जिव्हाळा आहे, आणि तो योग्यच आहे. चौकांतून येणारी हवा, ओसरीचा गारवा, कोनाड्यांतील समई यांची आठवण कोणास गोड वाटणार नाहीं? पण तोच वाडा मोजून त्याचा नकाशा काढला म्हणजे निराळी हकीकत दिसूं लागते. पुढची ओसरी आणि सदर उजेडाची. तेथें पुरुष बसत. माजघर अर्धप्रकाशाचें. स्वयंपाकघर मागें, जेथें चुलीचा धूर एका झरोक्यानें कसाबसा बाहेर पडे. आणि घरांतील बायकांचा दिवसाचा मोठा भाग तेथेंच जाई. बाळंतिणीची खोली बहुधा साऱ्या घरांत अंधारी. नवरा वारलेल्या आत्याबाईची वळकटी कोठें असे, हें ज्याला त्याला आपल्या घरापुरतें आठवेल. मागल्या बोळाकडे एक लहान दार असे. मैला वाहून नेणारा माणूस त्याच वाटेनें येई आणि जाई, व पुढच्या चौकाचा उंबरठा त्यास जन्मांत ओलांडतां येत नसे. नकाशावर ही सारी समाजरचना चार-दोन रेघांची आहे. एक भिंत, एक दार, एक अरुंद वाट. रेघा निर्विकार असतात. म्हणूनच त्या खोटें बोलत नाहींत. आपल्या आजीचे डोळे कशानें गेले, याचें उत्तर कधीं कधीं वैद्याच्या कागदांत नसतें, घराच्या छेदांत असतें.

कोणी म्हणेल, हें सारें आतां सरलें. पुष्कळ सरलें, हें खरें. पण घरानें माणसांची वांटणी करण्याचें थांबविलें आहे काय? १९२६ सालीं जर्मनींत फ्रँकफुर्ट येथें मार्गारेट शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुविदुषीनें स्वयंपाकघरांत बाईचीं पावलें किती वायां जातात याचा हिशेब करून, त्यावरून स्वयंपाकघराची रचना ठरविली. आपल्याकडे आज लाखों रुपयांच्या घरांतही ओटा कोणाच्या मापाचा असतो? ठेकेदाराच्या! उभें राहून काम करणाऱ्या व्यक्तीच्या कोपरापेक्षां ओटा चार-पांच इंच खालीं असला म्हणजे पाठ वांकत नाहीं आणि खांदेही ताठत नाहींत, हें पाहण्यास एक मोजपट्टी पुरते. जिन्याचेंही असेंच. पायरीच्या उंचीची दुप्पट आणि पाऊल ठेवण्याची रुंदी यांची बेरीज २४-२५ इंच असावी, हा हिशेब सतराव्या शतकांत फ्रान्समधील ब्लोंदेल यानें माणसाच्या चालीवरून बसविला. सर्व पायऱ्या सारख्या असल्या म्हणजे पाय आपोआप चालतो; एक जरी अर्ध्या इंचानें चढी असली तरी तो तेथेंच ठेंचाळतो. आजोबा नेहमीं ज्या एकाच पायरीवर अडखळतात, ती एकदां मोजून पहावी. पुष्कळदां दोष आजोबांच्या वयाचा नसून गवंड्याच्या ओळंब्याचा निघतो.

यावर एक आक्षेप असा येईल कीं, अशी चिकित्सक नजर लागली म्हणजे माणूस घरांत असह्य होईल आणि देवळांत भक्ति न करतां तुळया मोजीत बसेल. प्रारंभीं तसें थोडें होतेंही. व्याकरण नुकतें शिकलेला मुलगा जसा सगळ्यांच्या बोलण्यांतील चुका काढतो, तसा वास्तुकलेचा नवा विद्यार्थी सगळ्यांच्या घरांतील चुका काढतो. दुसरे कांहीं जुन्यावर इतके लुब्ध होतात कीं, त्यांना गळकें छप्परही रम्य वाटतें. या दोन्ही अवस्था जातात. अभ्यास मुरला म्हणजे कळतें कीं, प्रत्येक खिडकी येथें असावी असें कोणीतरी ठरविलेलें असतें, किंवा कोणी ठरविलेलें नसतें म्हणूनच ती तेथें येऊन पडलेली असते. आपला परिसर आकाशांतून पडलेला नाहीं. तो निर्णयांचा बनलेला आहे. आणि जें माणसानें ठरविलें, तें माणसास बदलतां येतें. ही जाणीव भक्तीस मारक नाहीं. उलट वेरूळचें कैलास लेणें आठव्या शतकांत राष्ट्रकूटांच्या काळीं शिखरापासून खालीं कोरीत आणलें, म्हणजे एकदां काढलेला दगड परत बसविण्याची सोयच नव्हती, हें ज्याला कळलें त्याचे हात अधिक आपोआप जोडले जातात.

आजच्या दिवसांत या दृष्टीची गरज अधिक आहे, कारण पुण्यामुंबईंत घरोघर पुनर्विकासाच्या सभा भरत आहेत. या सभांतून आम्हांस दोनच प्रश्न ऐकूं येतात: चौरस फूट किती मिळणार, आणि गाडीस जागा किती? हे प्रश्न गैर नव्हेत. पण चौरस फुटांत उजेड मोजतां येत नाहीं. दोन इमारतींमध्यें अंतर किती राहील, स्वयंपाकघराची खिडकी उघड्या हवेंत उघडेल कीं बंद हौद्यांत, पश्चिमेचें ऊन कोण अडवील, पावसाचें पाणी कोठें जाईल, आणि घरकाम करण्यास येणाऱ्या बाईस बसावयास व हातपाय धुण्यास जागा आहे काय, हेही प्रश्न त्याच सभेंत विचारले गेले पाहिजेत. नकाशावर सही होईपर्यंत एक रेघ सरकविण्यास रबर पुरतें. नंतर तीच रेघ भिंत होते आणि तीन पिढ्या तिच्या सावलींत काढतात.

यासाठीं सर्वांनीं महाविद्यालयांत जावें असें नाहीं. येत्या रविवारीं घरांतील सर्वांनीं मिळून एवढें करावें: प्रथम प्रत्येकानें आपल्या घराचा नकाशा आठवणीनें काढावा, मग तोच मोजून काढावा, आणि दोन्ही शेजारीं ठेवावे. जी खोली आठवणींत लहान झाली किंवा जिची खिडकी काढावयाची राहून गेली, तेथें आपलें लक्ष आजवर गेलेलें नाहीं असें समजावें. त्यानंतर दिवसांतील पुष्कळ वेळ घरांतील कोणतें माणूस कोठें असतें, तेथें त्याचें नांव लिहावें आणि तेथून आकाश दिसतें कीं नाहीं तें पहावें. ज्या नांवाशेजारीं खिडकी नसेल, त्या नांवापासून घराच्या दुरुस्तीस आरंभ करावा.